गंजगोलाईजवळचा छापखाना आणि आमच्या उमेदवाराची सोळा पानं

२०२५ संपत आलंय आणि नगरपालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर आल्यात. गेल्या पंधरा दिवसांत तिघांनी फोन करून मला एकच विचारलं, "सर, विधानसभेची ती पुस्तिका कुठं छापली होती?" तिघांनाही घाईत अर्धवट सांगितलं. म्हणून आता सगळं नीट लिहून काढतो. चौथ्याला हेच पाठवता येईल.

छापखाना लातुरात आहे. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यानं पुढं गेलं की डाव्या हाताला बोळ लागतो. बोळात शिरल्यावर विचारावं लागत नाही, शाईचा वास आणि मशीनचा आवाज येतो. नाव लिहू नका असं मालकांनी बजावलंय, म्हणून लिहीत नाही. खाली दोन रंगांची आणि चार रंगांची अशा दोन ऑफसेट मशिनी, एक कटिंग मशीन, आणि वर लाकडी जिना चढून गेलं की डीटीपीची, म्हणजे संगणकावर पानं जुळवायची खोली. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं ही त्यांची रोजची कामं. निवडणूक आली की जिन्यावरही माणसं बसलेली असतात.

माझ्याविषयी थोडं सांगतो, म्हणजे मी कुठल्या बाजूनं बोलतोय ते कळेल. जिल्हा परिषदेच्या शाळांत तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. घरी थोडी शेती, सोयाबीन आणि तूर, आणि दावणीला दोन देवणी गायी. विचारांनी मी उजवीकडचाच. देव, देश, घरातली वडीलधारी माणसं, गावची यात्रा हे टिकलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. २०२१ साली राममंदिराच्या निधी समर्पणासाठी मी आमच्या गावात घरोघर फिरलो होतो. त्यामुळं २०२४ च्या विधानसभेला महायुतीच्या आमच्या उमेदवारांनी "सर, पुस्तिकेचं तुम्ही बघा" असं म्हटलं तेव्हा मला तो मानच वाटला. उमेदवारांचं नाव आणि मतदारसंघ इथं लिहीत नाही. हा अनुभव छापखान्याचा आहे.

अर्ज मागं घ्यायची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि मतदान २० तारखेला. प्रचार १८ च्या संध्याकाळी थांबणार. म्हणजे हातात चौदा दिवस. दिवाळी नुकतीच झालेली, कामगार गावाकडं गेलेले. मी ५ तारखेला सकाळी हस्तलिखित घेऊन लातूर गाठलं. कव्हरसकट सोळा पानं, डेमी आकार, मधोमध पिन.

मालक साठीच्या घरातले. त्यांनी चष्मा लावून माझं पूर्ण बाड वाचलं. असा छापखानेवाला मी पहिल्यांदाच पाहिला. बाकी ठिकाणी पानं मोजतात आणि भाव सांगतात. वाचून झाल्यावर त्यांनी समोरची एक जुनी पुस्तिका उचलली आणि टेबलावर टाकली. ती पडली आणि मधोमध उघडली. "बघा सर," ते म्हणाले, "पिनेची पुस्तिका पिनेपाशी उघडते. माणूस बसमधी, हाटेलात, बांधावर असा अंगठा घालतो की आठवं-नववं पान समोर येतंय. तुमच्या आठव्या-नवव्यावर काय हाय?"

माझ्या आठव्या-नवव्यावर देश होता. ५ ऑगस्ट २०१९ ला कलम ३७० रद्द झालं तो निर्णय. २२ जानेवारी २०२४ ची अयोध्येतली प्राणप्रतिष्ठा. उत्तराखंडच्या विधानसभेनं मंजूर केलेला समान नागरी कायदा आणि तो देशभर व्हावा ही अपेक्षा. एक देश एक निवडणूक, म्हणजे माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीनं मार्च २०२४ मध्ये दिलेला अहवाल. हे सगळं मी जीव ओतून लिहिलं होतं. आणि सोयाबीन? ते तेराव्या पानावर होतं, पाणंद रस्त्यांच्या खाली, अकरा ओळींत.

मालक म्हणाले, "देशाचं लोकांना पटलेलंच हाय, त्यासाठी ते लोकसभेला रांगेत उभारतेत. आता आमदार निवडायलाव. आमदारानं काय करावं ते आठव्यावर घ्या."

मला लगेच पटलं नाही, हे सांगितलं पाहिजे. माझ्या मनात असं होतं की स्थानिक कामं तर कुणीही लिहितो, गटारं आणि रस्ते सगळ्याच पक्षांच्या कागदावर असतात; आपला उमेदवार वेगळा आहे तो विचारामुळं. मग तो विचार मध्यावर नको का? तासभर आम्ही बोलत बसलो. खालून चहा आला, तो थंड झाला. शेवटी मी म्हटलं, दोन्ही पानं लावून बघू. वरच्या खोलीतल्या डीटीपी करणाऱ्या ताईंनी दोन्ही तऱ्हेनं मांडणी करून काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर दोन नमुने दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत. ते दोन्ही नमुने घेऊन मी एसटीनं परत निघालो. शेजारच्या सीटवर औशाचा एक शेतकरी होता. मुद्दाम दोन्ही त्याच्या हातात दिले. पहिला त्यानं चाळून परत दिला. दुसऱ्यात हमीभावाचा आकडा दिसला तिथं तो थांबला आणि उतरेपर्यंत माझ्याशी भांडत राहिला. तो भांडत होता याचा मला आनंद झाला, कारण तो वाचत होता.

मग आठवं-नववं पान मी रात्री नव्यानं लिहिलं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता. खरेदी केंद्रावर बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असला की माल परत पाठवायचे. परतीच्या पावसात काढलेलं सोयाबीन बारा टक्क्यांवर आणायचं तर शेतकऱ्यानं ते वाळवायचं कुठं, रस्त्यावर? पंधरा टक्क्यांपर्यंत ओलावा चालावा ही मागणी आम्ही ठळक अक्षरात घेतली. (केंद्रानं ती सवलत नोव्हेंबरच्या मध्यावर दिलीही, तोपर्यंत पुस्तिका वाटून झाली होती.) त्याखाली पाणी. लातूरकराला पाण्याबद्दल नव्यानं काही सांगावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. शेजारच्या पानावर हरंगुळचा रेल्वे डबे कारखाना. २०१८ ला त्याची पायाभरणी झाली, १२० वंदे भारत गाड्यांच्या कंत्राटाशी त्याचं नाव जोडलं गेलं, आणि आमच्या गावचा आयटीआय झालेला पोरगा अजून पुण्याला चाकणच्या बसमध्ये बसतोय. तिथं स्थानिक पोरांना घ्या, ही मागणी लिहिली.

देश मग कुठं गेला? चौथ्या-पाचव्या पानावर, आणि तिथं तो जास्त शोभला. तिथं मी एक गोष्ट स्वतःच्या हट्टानं पहिली ठेवली. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला होता. मुकुंदराज आंबाजोगाईचे, नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या. अभिजात मराठीचं सांगायचं आणि मराठवाड्याचं नाव घ्यायचं नाही, हे कसं चालेल? मास्तर म्हणून तो परिच्छेद लिहिताना मला जे समाधान मिळालं ते पेन्शनच्या पहिल्या दिवशीही मिळालं नव्हतं.

गाईचं पान तसंच. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारनं देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईमागं रोज ५० रुपये अनुदान ठरवलं. आमच्या प्रचार समितीतल्या पोरांनी त्या पानावर नुसत्या घोषणा लिहून दिल्या होत्या. मी म्हटलं, अरे, देवणी ही आपल्या जिल्ह्याची जात, तालुक्याचं नाव तेच. शेजारी नांदेडकडं लाल कंधारी. शेतकऱ्याच्या गोठ्यातली देवणी कमी होत चालली आहे, कारण ट्रॅक्टर आला आणि खोंडाला गिऱ्हाईक राहिलं नाही. गोशाळेला अनुदान चांगलंच आहे, पण ज्याच्या दावणीला गाय आहे त्याला काय? हा प्रश्न आम्ही आमच्याच सरकारला विचारतोय असं पान झालं. उमेदवारांनी वाचलं, एक मिनिट गप्प राहिले आणि म्हणाले, "राहू द्या." त्या दोन शब्दांसाठी त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

आता मुखपृष्ठाचं. तिथं माझं आणि मालकांचं खरं वाजलं. आमचं मुखपृष्ठ ठरलेलं होतं: वर तुळजापूरच्या आईचं रूप, खाली हात जोडलेले उमेदवार, त्याखाली चिन्ह आणि मत द्या. मालकांनी ते बाजूला काढून ठेवलं. "हे मी छापत न्हाई." मी चिडलो. आई आमची कुलदेवता, घरच्या लग्नपत्रिकेवर चालते, तुम्हीच तर छापता, मग इथं का नाही? त्यांनी भिंतीवरचा कागद दाखवला. निवडणूक कार्यालयाकडून आलेल्या सूचना त्यांनी लॅमिनेट करून लावल्या होत्या. धर्माच्या नावानं किंवा धार्मिक प्रतीक वापरून मत मागणं हे लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण ठरतं, आमदारकी जाऊ शकते. मी घरी येऊन वाचलं तर २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं याचा अर्थ आणखी कडक केलेला.

कायद्याचं पटलं, पण मनाला पटलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मालक म्हणाले होते, "सर, वाटून झाल्यावर ही पुस्तिका कुठं जाती? रस्त्यावर पडती, चपलंखाली येती, भज्याला बांधाय जाती. त्यावर आई छापायची का?" माझ्या आईनं जुन्या पंचांगाचं पानसुद्धा कधी रद्दीत दिलं नाही, ती ते विहिरीत सोडायची. जुनं जपायचं म्हणणारा माणूस मी, आणि हे मला छापखान्यात सांगावं लागलं. मुखपृष्ठावर मग फक्त उमेदवार आणि पाठीमागं सोयाबीनचं शेत आलं. समितीतले दोघे अजून माझ्यावर नाराज आहेत.

टायपिंगबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पुस्तिका काढणाऱ्या सगळ्यांचा घोळ इथंच होतो. आपण मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितो, छापखान्यात बहुतेक काम श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटात चालतं. एकातून दुसऱ्यात नेलं की जोडाक्षरं फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जातो, आणि 'शेतकऱ्यांच्या' मधला तो र हमखास मोडतो. शेतकऱ्यांच्या पुस्तिकेत शेतकरी हाच शब्द चुकीचा! ताईंनी पहिल्या प्रुफातच असे सगळे शब्द पेन्सिलनं गोल करून ठेवले होते, मी बघायच्या आधी. तरी मी तीन प्रुफं घेतली. आरक्षणाच्या परिच्छेदाची तर सहा. २० फेब्रुवारी २०२४ ला विधिमंडळानं मराठा समाजाला दहा टक्के आरक्षणाचं विधेयक एकमतानं मंजूर केलं, ते टिकवायचं, आणि ओबीसींच्या वाट्याला धक्का लावायचा नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण आमच्या गावात एका गल्लीत मराठा, दुसऱ्या गल्लीत धनगर आणि वंजारी. एक शब्द इकडचा तिकडं झाला तरी दोन घरांतलं बोलणं बंद होईल अशी तेव्हाची हवा होती. ताईंनी सहाही वेळा न कुरकुरता ते पान नव्यानं लावलं.

एक पान मात्र पुस्तिकेत आलंच नाही आणि त्याची खंत मला आहे. शक्तिपीठ महामार्ग. तेव्हाच्या आराखड्यात पवनारपासून पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, माहूर, तुळजापूर, कोल्हापूर जोडणारा. भाविक म्हणून मला तो हवासा वाटतो. पण ज्याची चांगली बागायत जमीन त्यात जाते त्याच्या घरी मी जेवलोय. आमच्या समितीला दोन्हीकडचं बोलायचं धाडस झालं नाही, मलाही झालं नाही. मालकांनी विचारलं होतं, "रस्त्याचं काय लिहिलं न्हाई?" मी "जागा नाही" असं उत्तर दिलं. जागा होती.

कायदेशीर कागदांत हा छापखाना पक्का आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ नुसार निवडणुकीच्या प्रत्येक छापील कागदावर मुद्रक आणि प्रकाशक, दोघांचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकानं सही केलेलं घोषणापत्र, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, दोन प्रतींत. ते नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. छापून झाल्यावर घोषणापत्र आणि छापील प्रत मालक स्वतः जिल्हाधिकारी कार्यालयात पोच करतात. बिलही चोख देतात, कारण ते विधानसभेच्या उमेदवाराच्या चाळीस लाखांच्या खर्चमर्यादेत दाखवावं लागतं. कच्च्या पावतीवर काम मागणाऱ्या एकाला त्यांनी माझ्यासमोर परत पाठवलं.

प्रकाशक म्हणून नाव माझं गेलं. पूर्ण पत्त्यासकट. मी म्हटलं होतं, नुसतं 'उमेदवार प्रचार समिती' टाका. मालक म्हणाले, "समिती निकालानंतर सापडत न्हाई. माणसाचं नाव टाका."

याचा अर्थ मला २०२५ मध्ये कळला. १० नोव्हेंबर २०२४ ला मुंबईत भाजपचं संकल्पपत्र जाहीर झालं, त्यात सोयाबीनला सहा हजारांचा भाव होता. पुस्तिकेचा दुसरा फेरा तेव्हा मशीनवर चढायचा होता. मी फोन करून आठव्या पानावर ती ओळ घालायला लावली, नवी प्लेट काढायचा खर्च सोसून. आमचे उमेदवार निवडून आले. २०२५ ला हमीभाव ५,३२८ झाला, बाजार त्याच्याही खाली राहिला, आणि सप्टेंबरच्या अतिवृष्टीत तर सोयाबीन शेतातच कुजलं. दसऱ्याच्या आधी शेजारच्या गावचे एक आजोबा माझं घर शोधत आले. हातात ती पुस्तिका, पावसात भिजून फुगलेली, पिन गंजलेली. उघडली ती आठव्या पानावरच. "गुरुजी, खाली तुमचंच नाव हाय न्हवं?" मी हो म्हटलं. त्यांना आत बसवलं, जेवू घातलं, आणि त्यांच्यासमोर आमदारांना पत्र लिहिलं. कार्यालयात जाऊन हातोहात दिलं. अजून उत्तर आलेलं नाही, मी दर सोमवारी फोन करतोय. पक्ष माझाच आहे, म्हणून तर विचारायचा हक्क माझा जास्त आहे.

छपाईबद्दल उरलेलं. कागद सत्तर जीएसएमचा मॅपलिथो, त्या भिजलेल्या प्रतीतलीसुद्धा अक्षरं वाचता येत होती. वीस हजार प्रतींना एका प्रतीमागं पाच रुपयांच्या आत पडलं, लातुरात त्याहून स्वस्त मिळेल, पुण्याहून आणलं तर गाडीभाडं वेगळं. दोन दोष सांगतो. पहिल्या आणि दुसऱ्या फेऱ्यातला भगवा जुळला नाही, दुसरा विटकरीकडं झुकला. आणि आठवड्याच्या शेवटी देतो म्हटलेला माल दीड दिवस उशिरा आला, चौदा दिवसांच्या प्रचारात तो दीड दिवस आम्हाला फार जड गेला. मालकांनी त्याबद्दल बिलातून पैसे कमी केले, मी न मागता.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, दुपारनंतर जिन्यावर जागा मिळत नाही. मजकूर युनिकोडमध्ये पेन ड्राइव्हवर आणि शिवाय हातानं लिहिलेला, दोन्ही न्या. उमेदवाराचं लेखी संमतीपत्र आणि तुम्हाला ओळखणारी दोन माणसं सोबत असू द्या, नाहीतर घोषणापत्रासाठी परत यावं लागेल.

मी येत्या सोमवारी जातोय. पंचायत समितीला उभ्या राहणाऱ्या आमच्या गावच्या एका तरुणाची आठ पानं आहेत. आठ पानांत पिन चौथ्या-पाचव्यावर येते. तिथं आम्ही पाणंद रस्ता घेतलाय, गट नंबरांसकट, आणि किती मीटर खडीकरण लागेल ते स्वतः टेप धरून मोजलंय. प्रकाशकाच्या जागी नाव माझंच राहील.